ग्रंथालयातली दोन टेबलं

आमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा संग्रह चांगला आहे, मासिकं वेळेवर येतात, वाचनकक्षात उजेड भरपूर आहे. त्या बाजूचं परीक्षण एवढ्यावरच संपवते, कारण मला लिहायचंय ते ग्रंथालयाच्या दुसऱ्या कामाबद्दल. दर्शनी फलकावर त्याने स्वतःला 'सगळ्यांची भेटण्याची जागा' म्हणवून घेतलंय. बाहेरून आलेली, वेगळी भाषा बोलणारी माणसं आणि इथली जुनी माणसं यांची एकमेकांशी ओळख व्हावी, हा त्यामागचा हेतू. मी आयुष्याची बरीच वर्षं ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर काढलेली बाई. आता मुलीकडे राहायला आले. शहर नवं, भाषा नवी, आणि काउंटरच्या पलीकडे उभं राहायची पहिलीच वेळ. त्यामुळे फलकावरचा हा दावा कितपत खरा आहे, हे मी जरा बारकाईने पाहिलं.

दारापासून सुरुवात करते. आत जायला कार्ड लागत नाही, वहीत सही करावी लागत नाही, 'काय काम आहे?' असं कोणी विचारत नाही. नवख्या माणसाला याची किंमत कळते. शहरात इतर जिथे जिथे जावं तिथे आधी कारण द्यावं लागतं. कचेरीत काम सांगा, दवाखान्यात दुखणं सांगा, दुकानात काहीतरी विकत घ्या. इथे नुसतं येऊन बसता येतं. युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ साली पहिल्यांदा काढला. पुढे १९७२, १९९४ आणि २०२२ मध्ये तो सुधारला गेला आणि आता ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, म्हणजे इफ्लाचंही नाव त्यावर असतं. वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा, सामाजिक दर्जा यांपैकी कशावरूनही भेद न करता सेवा द्यावी आणि ती तत्त्वतः विनामूल्य असावी, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. नोकरीत असताना तो मजकूर मला पाठ होता. त्याचा खरा अर्थ मला इथे, कुणी हटकत नाही म्हणून निर्धास्त बसून राहिले तेव्हा कळला.

आता टेबलांकडे येते.

पहिलं भाषेचं टेबल. आठवड्यातून एका संध्याकाळी, मुख्य दालनाच्या मागच्या खोलीत भरतं. दोन स्वयंसेवक असतात, चित्रांची कार्डं असतात, दर वेळी एखादा विषय ठरलेला असतो. स्वयंसेवक मनाने फार चांगले आहेत. शब्द अडला तर वाट पाहतात, वाक्य चुकलं तर मध्येच तोडत नाहीत, बोलून झाल्यावर तेच वाक्य नीट करून सहज परत म्हणतात. भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी अशी ही पद्धत आहे. माझी भीड इथेच मोडली आणि त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन.

पण 'ओळख व्हावी' या हेतूने पाहिलं तर हे टेबल कमी पडतं. बसणारे आम्ही सगळे नवखेच. माझ्या ओळखी वाढल्या त्या माझ्यासारख्याच बाहेरून आलेल्यांशी. त्याही मोलाच्या आहेत, कारण कुठली कचेरी कधी उघडते, कुठला अर्ज कुठे द्यायचा हे त्यांच्याकडूनच कळलं. इथली माणसं मात्र दोनच, आणि तीही मदत करायला आलेली. ते देणारे, आम्ही घेणारे. सगळे प्रश्न 'तुमच्याकडे हे कसं करतात?' या घाटाचे. उत्तर देताना माणूस स्वतःबद्दल न बोलता आपल्या देशाचा प्रतिनिधी होऊन बोलायला लागतो. मी काय काम करत होते, हे त्या टेबलावर मला कुणी विचारलं नाही. खोलीचं दार लावलेलं असतं आणि बाहेर 'नव्याने आलेल्यांसाठी' अशी पाटी. ती पाटी वाचून या शहरातला जुना माणूस आत का येईल? त्याला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. पाटी प्रेमाने लावली आहे यात शंका नाही, पण तिने माणसं आधीच वेगळी काढून ठेवली. या टेबलाला पाचपैकी तीन गुण.

दुसरं टेबल दुरुस्तीचं. हे शनिवारी दुपारी भरतं आणि भरतं ते मुख्य दालनात, वर्तमानपत्रांच्या मांडणीच्या आणि बालविभागाच्या मधोमध. स्वच्छतागृहाकडे जायचा रस्ताही शेजारूनच जातो. म्हणजे ज्याला त्या टेबलाशी काही देणंघेणं नाही त्यालाही जवळून जावंच लागतं. पाटीवर एवढंच: 'तुटलेलं, उसवलेलं, बंद पडलेलं घेऊन या'. दोन शिलाई मशिनं, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंगचं सामान आणि एक हलवता येणारा दिवा. कोण दुरुस्त करणार आणि कोण करून घेणार, हे आधी ठरलेलं नसतं. ज्याला जे येतं ते तो करतो.

तिथला एक प्रसंग सांगते. एका आजोबांनी जाडजूड कोट आणला होता. चेन वर ओढली की खालून उघडी पडायची. मशिनवर बसलेली बाई या शहरात नुकतीच आलेली, इथली भाषा माझ्याइतकीच तोडकीमोडकी. तिने कोट टेबलावर पसरला, रनर खालपर्यंत नेला आणि बारीक पकडीने त्याची एक कड हलकेच दाबली, मग दुसरी. ओढून पाहिलं, अजून सैल. पुन्हा दाबलं, अगदी किंचित. आजोबांना वाटलं हिचा जोर कमी पडतोय, म्हणून त्यांनी पकडीसाठी हात पुढे केला. तिने मान हलवली आणि दोन्ही मुठींनी काडी मोडल्यासारखं करून दाखवलं. जास्त दाबलं तर रनर तुटतो, आणि तुटला की सगळी चेन बदलावी लागते. मग तिने दिव्याचा दांडा त्यांच्या हातात दिला, हवा तसा वाकवला आणि 'इथे' एवढंच म्हणाली. आजोबा दिवा धरून मुकाट उभे राहिले. तिसऱ्या दाबाला दाते जुळले, चेन गळ्यापर्यंत गेली आणि खालून उघडली नाही. आजोबांनी तिला विचारलं, हे कुठे शिकलात? तिने सांगितलं की तिकडे तिचं स्वतःचं शिलाईचं दुकान होतं. शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बाईंनी हे सगळं ऐकलं होतं. पुढच्या शनिवारी त्या पिशवीचा उसवलेला बंद घेऊन आल्या आणि टेबलापाशी येऊन त्यांनी तिचं नाव घेऊनच विचारलं, आल्या आहेत का?

कुणी कुणाला सामावून घ्यायला म्हणून इथे आलं नव्हतं. आजोबांना कोट हवा होता, तिला मशीन हवं होतं, बाईंना पिशवी. ज्याचं त्याचं काम होतं, म्हणून कुणालाच उपकाराखाली आल्यासारखं वाटलं नाही. माणसं जोडणारी जागा कशी असावी, याचं माझं उत्तर हेच आहे: दोन्ही बाजूंची माणसं तिथे आपापल्या गरजेने आली पाहिजेत.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की वेगळ्या गटांतली माणसं नुसती समोरासमोर आल्याने मनातले पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्देश एक हवा, काम मिळून व्हायला हवं आणि ज्या संस्थेच्या छपराखाली ते घडतं तिचा त्याला उघड पाठिंबा हवा. दुरुस्तीच्या टेबलावर या चारही गोष्टी आहेत. भाषेच्या टेबलावर पहिलीच नाही.

ओस्लोचे ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक राग्नार औडुन्सन यांनी २००५ साली आणखी एक फरक दाखवून दिला आणि तो मला फार पटतो. काही जागा उत्कट भेटीच्या असतात: आपलं काम, आपला छंद, आपल्या विचाराची माणसं. तिथे आपण मनापासून असतो, पण तिथे आपल्यासारखेच भेटतात. काही जागा मात्र कमी उत्कट भेटीच्या असतात. तिथे आपण वेगळ्या आवडीनिवडीची, वेगळ्या वयाची, वेगळ्या चालीरीतींची माणसं सहज, न ठरवता पाहतो. औडुन्सन म्हणतात, लोकशाहीला या दुसऱ्या प्रकारच्या जागांची गरज आहे आणि ग्रंथालय ही तशी जागा आहे.

आमच्या ग्रंथालयातलं वर्तमानपत्रांचं लांब टेबल हे याचं उत्तम उदाहरण. सहा-आठ खुर्च्या, मध्ये काही आडोसा नाही. तिथे फारसं कुणी बोलत नाही. पण रोज तेच चेहरे दिसतात. एखादा दिसला नाही की जाणवतं. रस्त्यात भेटले की मान डोलावली जाते. नव्या शहरात मान डोलावणारी चार माणसं असणं ही लहान गोष्ट नाही. ज्यांना बोलायचं नसतं त्यांच्यासाठी तर हीच सोय योग्य. कानात हेडफोन घालून बसलेला मुलगाही त्या टेबलाचा तितकाच हक्काचा भाग आहे, त्याला ओढून एखाद्या कार्यक्रमात बसवण्याची गरज नाही.

ज्या ग्रंथालयांचं या बाबतीत जगभर नाव घेतलं जातं, त्यांच्याकडे पाहिलं तरी हीच युक्ती दिसते. डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहराचं 'डोक-१' हे ग्रंथालय २०१५ साली उघडलं. त्याच इमारतीत नगरपालिकेचा नागरिक सेवा विभाग आहे. पासपोर्ट काढायला जो कोणी येतो, मग तो पुस्तकं वाचणारा असो वा नसो, तो ग्रंथालयातच येतो. तिथे एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. शहरातल्या रुग्णालयात मूल जन्मलं की आई-वडील तिथूनच बटण दाबतात आणि ग्रंथालयात ती वाजते. मूल कुणाचं, कुठल्या घरातलं, हे घंटेवरून कळत नाही. हेलसिंकीचं 'ओडी' डिसेंबर २०१८ मध्ये संसद भवनासमोरच्या चौकात उघडलं. त्याच्या मधल्या मजल्यावर शिलाई मशिनं, थ्री-डी प्रिंटर आणि स्टुडिओ आहेत, आणि पुस्तकं त्याच्या वरच्या मजल्यावर. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात ग्रंथालयांना 'आयडिया स्टोअर' असं नवं नाव देऊन ती लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणली गेली. त्यातलं व्हाइटचॅपलचं २००५ साली रस्त्यावरच्या बाजाराला लागूनच उभं राहिलं आणि प्रौढांचे वर्गही त्याच छपराखाली भरू लागले. एकाच दारातून कुणी परीक्षेच्या तयारीला, कुणी नाचाच्या वर्गाला, कुणी पुस्तक परत करायला जातो.

या सगळ्या इमारती मोठ्या, खर्चाच्या. आमच्याकडे तसं काही नाही. आमच्याकडे एक टेबल योग्य जागी मांडलं गेलं, इतकंच. म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण हे कुठल्याही ग्रंथालयाला उद्यापासून करता येईल.

'मानवी ग्रंथालय' या उपक्रमाबद्दल एक-दोन वाक्यं. २००० साली डेन्मार्कमध्ये, रॉस्किल्डच्या संगीत महोत्सवात तो सुरू झाला आणि आता अनेक देशांत होतो. ज्यांच्याबद्दल समाजात गैरसमज असतात अशी माणसं 'पुस्तक' म्हणून बसतात आणि वाचक त्यांच्याशी ठरावीक वेळ बोलतो. आमच्याकडेही असा एक दिवस झाला. मनापासून केलेला, गंभीर उपक्रम होता, आणि काही जण तिथून विचारात पडून बाहेर आले. पण तो दिवस संपला की संपला. रोजच्या टेबलाची जागा तो घेऊ शकत नाही.

परभाषांतल्या पुस्तकांच्या कपाटाबद्दल मात्र मला थोडं भांडायचंय. ते वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे ठेवलंय. कर्मचाऱ्यांपैकी एकीने मला सांगितलं की आपल्याच भाषेत वाचत राहिलं तर माणूस इथली भाषा शिकत नाही, म्हणून ते फार पुढे ठेवत नाहीत. मला हे मान्य नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७७ पासून स्थलांतरितांसाठी वेगळा कार्यक्रम चालवला आहे. तिथे लोकांच्या मूळ भाषांतली पुस्तकं आणि इंग्रजीचे वर्ग या दोन्ही गोष्टी बरोबरीने दिल्या जातात. आपल्या लिपीतलं पुस्तक कपाटात दिसलं की माणसाला कळतं, आपण येणार हे कुणीतरी गृहीत धरलं होतं. मग तो पुढच्या वेळी पुन्हा येतो, आणि आलेला माणूस इथली भाषा कानावर घेऊनच जातो. बालविभागातली दोन भाषांत छापलेली चित्रपुस्तकं पाहा. एका पानावर आजीची भाषा, समोर नातवाच्या शाळेची. मी नातीला माझी बाजू वाचून दाखवते, ती मला तिची. ही पुस्तकं खाली, मुलांच्या हाताला येतील अशी ठेवलीत, आणि ज्याने कुणी हे ठरवलं त्याचं मला कौतुक आहे.

बालविभागातच आणखी एक चांगली गोष्ट आहे. तिथली आसनं मुद्दाम बुटकी आहेत, त्यामुळे मोठ्यांना जमिनीवर बसावं लागतं. जमिनीवर बसलेल्या दोन आया मुलांच्या निमित्ताने आपोआप बोलायला लागतात. त्याने आवाज वाढतो, आणि अभ्यासाला येणाऱ्या विद्यार्थ्यांची त्याबद्दल तक्रार होती. ती रास्तच. ज्याच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, त्याला ग्रंथालयातली शांतता हक्काची आहे. वरच्या मजल्यावर काचेची शांत खोली केल्यापासून हा प्रश्न बराचसा सुटलाय. फक्त तिथे चार्जिंगचे पॉइंट वाढवायला हवेत.

आता खटकलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे सदस्यत्वाचा नियम. आत बसायला कार्ड लागत नाही, पण पुस्तक घरी न्यायला, संगणक वापरायला, इतकंच काय वाय-फायलाही कार्डाचा क्रमांक लागतो. कार्डासाठी पत्त्याचा पुरावा, तोही स्वतःच्या नावाचा. नुकताच आलेला माणूस नातेवाइकाकडे नाहीतर कुणाच्या तरी खोलीत राहतो. त्याच्या नावाचं बिल कुठून येणार? मला कार्ड मिळायला मुलीचं पत्र, तिची ओळखपत्रं आणि बरेच हेलपाटे लागले. ज्याची मुलगी इथे नाही त्याने काय करायचं? ज्याला ग्रंथालयाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यावरच हा नियम सगळ्यात कठीण पडतो. काही ग्रंथालयं अशांना मर्यादित कार्ड देतात: पुराव्याशिवाय, नुसत्या नावावर, एका वेळी एक-दोनच पुस्तकं. मी काउंटरवर बसलेली आहे, पुस्तकं हरवण्याची भीती मला माहीत आहे. दोन पुस्तकं हरवण्याचा धोका पत्करण्यासारखा आहे. या नियमाला पाचपैकी एक गुण, तोही काउंटरवरची माणसं नियम सांगतानाही नम्र असतात म्हणून.

दुसरं, देवघेवीची यंत्रं. पुस्तक नेणं-आणणं सगळं आता दाराजवळच्या यंत्रांवर होतं. माणूस बसलेला काउंटर आत, खांबाच्या मागे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम 'वाचकाचा वेळ वाचवा', आणि यंत्रं त्याला धरूनच आली. रांगा गेल्या हे चांगलंच झालं. पण भाषा शिकणाऱ्या माणसासाठी देवघेवीचा काउंटर ही बोलायला सगळ्यात सोपी जागा असते. संवाद छोटा, ठरलेला, विषय समोर टेबलावर ठेवलेला. 'हे परत करायचंय', 'मुदत कधीपर्यंत?', 'पुढचा भाग आहे का?' एवढ्यावर काम भागतं, आणि रोज म्हटलं की जीभ वळते. शिवाय काउंटरवरच्या माणसाला चेहरे लक्षात राहतात. त्यालाच कळतं की शिलाई येणारी एक बाई नव्याने यायला लागलीय आणि शनिवारच्या टेबलावर तिला बोलवायला हवं. यंत्रांच्या शेजारी एक खुर्ची आणि एक माणूस, एवढीच मागणी आहे.

तिसरं, वेळ. भाषेचं टेबल संध्याकाळी लवकर सुरू होतं आणि दुरुस्तीचं शनिवारी दुपारी. सफाईचं, रुग्ण सांभाळण्याचं, मालवाहतुकीचं काम करणारे नेमके तेव्हा पाळीवर असतात. डेन्मार्कमध्ये अनेक ग्रंथालयं कर्मचारी नसतानाही उघडी राहतात, सदस्य स्वतः कार्ड वापरून आत येतात. वाचायला ती सोय उत्तम. माणसं जोडायला ती पुरेल असं मला वाटत नाही, कारण तेव्हा टेबल मांडणारं कुणी नसतं. त्यापेक्षा रविवारी सकाळी एक फेरी वाढवणं बरं.

तुम्ही नव्याने आला असाल आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर शनिवारी जा आणि काहीतरी तुटलेलं बरोबर न्या. काही येत असेल तर फारच छान, नसेल तर दिवा धरायला माणूस लागतोच. भाषेच्या टेबलाला पहिले काही आठवडे जरूर जा, भीड मोडेपर्यंत. इथलेच जुने रहिवासी असाल आणि 'नव्याने आलेल्यांसाठी' ही पाटी वाचून पुढे जात असाल, तर एकदा दार लोटून आत या. फक्त मदत करायला येऊ नका, स्वतःचं काही काम घेऊन या.

भाषेचं टेबल मुख्य दालनात आणावं, पाटी काढावी आणि मर्यादित कार्ड सुरू करावं, असं मी सूचनापेटीत लिहून दिलं होतं. पहिल्या दोन गोष्टींवर विचार चालू आहे असं उत्तर आलं. कार्डाचा नियम मात्र ग्रंथालय समितीच ठरवते. समितीची बैठक सर्वांना खुली असते आणि आधी नाव दिलं तर बोलायची संधीही मिळते. मी माझं नाव दिलंय. बैठकीची तारीख वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळच्या फलकावर लागते. कार्डासाठी ज्यांना परत पाठवलं गेलं, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं तर समितीला ते जास्त पटेल. भाषेची अडचण असेल तर शनिवारी टेबलावर येऊन भेटा, काय बोलायचं ते मिळून लिहून काढू.